शिरस्त्राण, दोर आणि कठडा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि दिल्लीतील मराठ्यांचा इतिहास अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीत बांधकामावरच्या मजुराच्या हेल्मेटचा विषय येऊन बसलेला पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. व्याख्यानमालेच्या संयोजकांनाही प्रथम ते वाटलेच होते. परंतु हा विषय मी मुद्दाम मागून घेतला, आणि त्याचे कारण याच वास्तूशी निगडित आहे. सुवर्णमहोत्सवाचे औचित्य साधून आपण या जुन्या इमारतीवर दोन मजले चढविणार आहोत. वर सभागृह, आणि त्याच्याही वर, उपचारांसाठी महाराष्ट्रातून दिल्लीत येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी खोल्या. नकाशे तयार आहेत, देणग्या जमत आहेत, निविदा मात्र अजून निघावयाची आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत रंगमंचाची खोली किती असावी, ध्वनियोजना कोणत्या प्रकारची असावी, खुर्च्यांना कापड कोणते लावावे, यावर सव्वादोन तास चर्चा झाली. जी वीस-पंचवीस माणसे हे दोन मजले आपल्या हातांनी उभे करतील, त्यांच्याविषयी त्या सव्वादोन तासांत एक वाक्यही उच्चारले गेले नाही. हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही. कोणत्याही संस्थेच्या सभेत ते उच्चारले जात नाही. पस्तीस वर्षे सरकारी बांधकाम खात्यात काढल्यावर एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. बांधकामावर माणसे मरतात किंवा जन्माची पंगू होतात, ती बहुतांशी अत्यंत साध्या कारणांनी. आणि ती टाळण्याची साधनेही तितकीच साधी व स्वस्त आहेत. ती कामावर दिसत नाहीत, याचे खापर आपण मजुराच्या निष्काळजीपणावर फोडतो. खरे कारण निविदेच्या कागदात असते. आणि तो कागद मजूर लिहीत नाही, ठेकेदारही लिहीत नाही. तो मालक लिहितो. या खेपेस मालक आपण आहोत.

आरंभी थोडा इतिहास सांगतो, कारण ही साधने काल-परवाची नाहीत. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे बुलार्ड नावाची एक पेढी खाणकामगारांसाठी साहित्य विकीत असे. पेढीच्या मालकाचा मुलगा पहिल्या महायुद्धातून परतला, तो सैनिकाचे पोलादी शिरस्त्राण पाहून आलेला. त्यावरून त्याने १९१९ मध्ये जाड कॅनव्हास वाफवून, सरस लावून आणि वरून काळा रंग चढवून एक कडक टोपी तयार केली. १९३१ मध्ये कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचे काम सुरू झाले, तेव्हा कड्यांवर लटकून सुरुंग लावणाऱ्या कामगारांनी तर कोणाची वाटच पाहिली नाही. आपल्या कापडी टोप्या डांबरात पुन्हा पुन्हा बुडवून त्यांनी स्वतःच त्या टणक करून घेतल्या. वरून सुटलेल्या दगडाने जबडा मोडला, पण कवटी फुटली नाही, असे अनुभव आल्यावर कंपनीनेही तशा टोप्या मागविल्या. मजुराला आपल्या जिवाची पर्वा नसते असे म्हणणाऱ्यांनी हे डांबरात बुडविलेल्या टोप्यांचे उदाहरण ध्यानात ठेवावे.

याहून बोधप्रद हकीकत गोल्डन गेट पुलाची आहे. त्याचे काम ५ जानेवारी १९३३ रोजी सुरू झाले आणि पूल मे १९३७ मध्ये खुला झाला. त्या काळी पुलांच्या कामात दहा लाख डॉलर खर्चामागे एक मृत्यू हा हिशेब धरलेलाच असे. आणि या पुलाचा खर्च होता सुमारे साडेतीन कोटी डॉलर. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी हेल्मेट सक्तीचे केलेच, शिवाय पुलाच्या तळाखाली, काठांच्याही बाहेर दहा-दहा फूट पसरलेले दोरांचे जाळे टांगले. त्या जाळ्यास एक लाख तीस हजार डॉलर लागले, आणि हा खर्च उधळपट्टीचा आहे असे म्हणणारे तेव्हाही होतेच. त्या जाळ्याने एकोणीस माणसे झेलली. त्या एकोणिसांनी पुढे आपला एक गमतीदार नावाचा क्लबही काढला: नरकाच्या अर्ध्या वाटेवरून परतलेल्यांचा क्लब. ऑक्टोबर १९३६ पर्यंत त्या कामावर एकही मृत्यू झाला नाही. परंतु १७ फेब्रुवारी १९३७ रोजी तळाखाली सरकत जाणारा एक अवजड मचाण आपल्या आधारांतून निखळला, जाळे फाडून खाली गेला आणि दहा माणसे समुद्रात बुडाली. माणसासाठी बांधलेले जाळे मचाणाचा भार कसा पेलणार? या गोष्टीचा हा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही, तो मी मुद्दाम सांगितला. त्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

आता हेल्मेट नेमके काय करते, ते पाहू. आपल्याकडची एक पक्की वीट सुमारे तीन किलोची असते. चौथ्या मजल्यावरून, म्हणजे अदमासे बारा मीटरवरून ती निसटली, तर जमिनीशी येईपर्यंत तिचा वेग ताशी पंचावन्न किलोमीटर होतो, आणि या प्रवासास तिला दीड सेकंद लागतो. वरून कोणी ‘बाजूला व्हा’ असे ओरडले, तर ते शब्द कानांवर पडून मान वर होईपर्यंत वीट पोचलेली असते. किंबहुना ओरडल्यावर माणूस मान वर करतो, हेच अधिक घातक. हेल्मेटचे बाहेरचे कवच कठीण प्लास्टिकचे असते, पण खरी करामत आतल्या पट्ट्यांच्या जाळीची आहे. कवच आणि टाळू यांच्यामध्ये ती बोटभर मोकळी जागा राखते. आघात होताच पट्ट्या ताणतात, आघाताचा काळ किंचित वाढतो, आणि तो एका बिंदूवर न येता साऱ्या डोक्याभोवती वाटला जातो. म्हणूनच त्या मोकळ्या जागेत विडीचे बंडल, तंबाखूची पुडी किंवा मोबाइल ठेवणे म्हणजे हेल्मेट निकामी करणे होय. बारा मीटरवरून येणाऱ्या अख्ख्या विटेपुढे हेल्मेट जीव वाचवीलच असे मी म्हणत नाही. परंतु विटेचा तुकडा, थापी, शटरिंगचा खिळा ठोकताना सुटलेला हातोडा, वाकताना डोक्यात घुसणारे सळईचे टोक, या नित्याच्या गोष्टींपुढे ते पुरेसे आहे. हनुवटीखालचा पट्टा बांधलेला नसेल तर मात्र माणूस पडताना हेल्मेट त्याच्या आधी निघून जाते. भारतीय मानक संस्थेचे औद्योगिक हेल्मेटसाठी २९२५ क्रमांकाचे मानक आहे. तो शिक्का पाहून घ्यावे. रस्त्यावर साठ-सत्तर रुपयांस जे पिवळे टोपले मिळते ते नाटकातल्या मुकुटाइतकेच संरक्षक असते. आणि एकदा जबर आघात सोसलेले किंवा दोन-चार उन्हाळे उघड्यावर तापलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी टाकून द्यावे, कारण दिल्लीचे ऊन प्लास्टिकला ठिसूळ करते.

हेल्मेट डोक्याची राखण करते. पण बांधकामावर सर्वाधिक जीव जातात ते वरून काही पडून नव्हे, माणूस स्वतः खाली पडून. एका मजल्याची उंची तीन मीटर धरली, तर तेवढे पडण्यास पाऊण सेकंद पुरतो. येथे लोकांना चटकन आठवतो तो पट्टा आणि दोर. पूर्वी कमरेचा पट्टा वापरीत. त्याने माणूस अडकत असे खरा, पण सारा झटका पोटावर व कण्यावर येई. आता खांदे, छाती आणि मांड्या यांभोवती बसणारा हार्नेस वापरतात, आणि दोरात झटका शोषणारी शिवलेली पुडी असते. ती उसवत जाते आणि धक्का सौम्य होतो. हे सर्व उत्तम आहे, पण त्यातील एक गणित फार थोड्या ठेकेदारांना ठाऊक असते. दोर जवळपास दोन मीटरचा; पुडी उसवली की आणखी दीड-पावणेदोन मीटर; त्याखाली माणसाची स्वतःची उंची. म्हणजे दोर पायांपाशी बांधला असेल तर माणूस अधांतरी थांबण्यासाठी त्याच्याखाली साडेपाच ते सहा मीटर मोकळे अंतर हवे. आपल्या वास्तूसारख्या कामात, जेथे खालचा स्लॅब तीन मीटरवर आहे, तेथे असा दोर बांधलेला माणूस दोर ताणण्यापूर्वीच खाली आदळेल. छायाचित्रात तो अगदी सुरक्षित दिसेल, एवढेच. दोर नेहमी डोक्याच्या वर, पक्क्या तुळईला किंवा तेवढ्यासाठीच बसविलेल्या कडीला बांधावयाचा असतो. ज्या परांचीवर माणूस उभा आहे, तिच्याच बांबूला बांधलेला दोर म्हणजे बुडत्याने बुडत्याला धरणे. (परांचीला इकडे ‘पाड़’ म्हणतात. आपल्याकडचा गवंडी येथे प्रथम आला की या शब्दापाशी हमखास अडखळतो.)

म्हणून एक-दोन मजल्यांच्या कामात हार्नेसपेक्षा थोर साधन म्हणजे कठडा. स्लॅबच्या कडेने, जिन्याच्या मोकळ्या बाजूने, सुमारे एक मीटर उंचीवर एक आडवी नळी, निम्म्या उंचीवर दुसरी, आणि तळाशी पाच-सहा इंचांची उभी पायफळी. म्हणजे ठोकर लागून वीट वा हत्यार खाली जाणार नाही. कठड्याला काही आठवावे लागत नाही. तो घालावा लागत नाही, त्याचा पट्टा आवळावा लागत नाही, त्यात उकडत नाही, आणि दुपारच्या गुंगीत मागे सरकणाऱ्या माणसाला तो पाठीला लागतो. तरीही तो बांधला जात नाही, कारण तो काढावा लागतो. आज बांधा आणि महिन्याने काढा, या दोन दिवसांच्या मजुरीचा जाब कोणी द्यायचा, एवढाच प्रश्न असतो.

आणि स्लॅबमधली भोके! लिफ्टचा हौद, जिन्याची मोकळीक, नळांच्या उभ्या कोनाड्यांसाठी सोडलेल्या खिडक्या. नोकरीच्या काळात दिल्लीच्या वेशीवरील एका वसाहतीच्या कामावर मी तपासणीस जात असे. तेथे तिसऱ्या मजल्यावर असे एक भोक प्लायवुडच्या तुकड्याने झाकलेले होते. झाकले होते ते सद्हेतूने. पण तुकडा खिळलेला नव्हता आणि त्यावर काही खूणही नव्हती. बुंदेलखंडातून आलेला एक तरुण गवंडी होता. त्याला मसाला कालवण्यासाठी सपाट फळी हवी होती. त्याने तो तुकडा दोन्ही हातांनी उचलला, समोर धरला आणि चालू लागला. फळी समोर धरलेली असल्यामुळे पायांखालचे भोक त्याला दिसले नाही. तो वाचला, पण कमरेखाली लुळा झाला. पत्नी त्याच कामावर विटा वाहत होती. दोन महिन्यांनी ती त्याला घेऊन गावी निघून गेली. चौकशीच्या कागदांत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असा शेरा पडला. ज्या फळीला चार खिळे आणि लाल रंगाचा एक फराटा हवा होता, तिचा उल्लेख त्या कागदांत कोठेही नव्हता. असे शेरे मी पुष्कळ वाचले आहेत, आणि माणूस बेसावध असतो हे मलाही मान्य आहे. पण बेसावध आपण सगळेच असतो. घरी आपण भरल्या पेल्याला कोपर लावतो, तेव्हा पेला सांडतो. फरक एवढाच, की आपल्या कोपराखाली तीन मजले नसतात.

पाय, हात, डोळे व छाती यांविषयी आता थोडक्यात सांगतो. शटरिंग काढताना खिळ्यांच्या फळ्या उलट्या पडलेल्या असतात आणि मजूर रबरी चपलेत हिंडतो. खिळा चपलेतून तळव्यात घुसतो, त्यावर हळद दाबून काम चालू राहते, आणि कधी त्यातून धनुर्वात होतो. पोलादी तळ आणि पुढे पोलादी टोक असलेले बूट हा त्यावरील इलाज. ओले सिमेंट हे तीव्र अल्कली आहे, ही गोष्ट तर पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. ते हाताला लागले की लगेच भाजत नाही, म्हणूनच ते फसवे आहे. स्लॅब ओतताना चार-सहा तास त्यात पाय बुडवून उभा राहिलेला मजूर रात्री पायांची कातडी सोललेली पाहतो. शिवाय सिमेंटमध्ये क्रोमियमचा अंश असतो; वर्षानुवर्षे त्याच्या स्पर्शाने हातांना न बरा होणारा इसब जडतो. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि रबरी हातमोजे एवढ्यावर हे टळते. डोळ्यांत चुना उडाल्यास ताबडतोब पाण्याच्या धारेखाली पाव तास तरी धुवावेत, आणि मगच दवाखान्याची वाट धरावी. म्हणून प्रत्येक मजल्यावर स्वच्छ पाण्याचे पिंप हवे. फरशी कापताना उठणारा पांढरा धुरळा वर्षांनंतर फुफ्फुसांत सिलिकोसिस होऊन प्रकटतो, आणि त्या रोगावर औषध नाही. नाकाला गुंडाळलेला गमछा तो सूक्ष्म धुरळा अडवीत नाही. कोरोनाच्या दिवसांत आपण सर्वांनी लावलेला एन-९५ मुखपट्टा अडवितो. आणि त्याहून सोपे म्हणजे पातीवर पाण्याची धार सोडून धुरळा उठूच न देणे. विजेविषयी मी एकच सांगेन: मिक्सर आणि व्हायब्रेटर यांच्या वायरी ओल्या स्लॅबवर लोळत असतात, त्यांच्यामागे तीस मिलिअँपिअरचा अर्थ-लीकेज ब्रेकर लावल्याशिवाय आपल्या वास्तूतून कोणालाही वीज देऊ नये. त्याची किंमत नाटकाच्या एका प्रयोगाच्या चहापाण्याइतकीही नाही.

स्त्रियांच्या बाबतीत एक अडचण आहे, तिच्याकडे नियम करणाऱ्यांचेही लक्ष गेलेले नाही. विटा आणि घमेली वाहण्याचे काम दिल्लीत बहुधा बाया करतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेले. आता सांगा, हेल्मेट घालायचे कोठे? मुकादम म्हणतो, बायांना हेल्मेट चालत नाही. वस्तुतः चालत नाही ते हेल्मेट नव्हे. चालत नाही ती डोक्यावरून ओझे वाहण्याची पद्धत. एक हाताने ओढावयाची कप्पी किंवा लहानसा विजेचा उचलयंत्राचा सांगाडा बसविला आणि खाली दोन हातगाड्या दिल्या, की चुंबळ जाते, मानेचे मणके वाचतात, आणि मग हेल्मेट घालता येते. बूट आणि हातमोजेसुद्धा पुरुषी मापाचे आणून बायांपुढे टाकतात, आणि त्यांनी ते वापरले नाहीत की हट्टीपणाचा शिक्का मारतात. दोन मापे लहान मागवावयास कोणाची हरकत असते? मुलांचा प्रश्न तर निराळाच. याच शहरात १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाच्या बांधकामावर मजुरांची तान्ही मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी पाळणाघर काढले आणि त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. आपल्या कामावर मुले आली, तर तळमजल्यावरचे ग्रंथालयाचे दालन दिवसा त्यांच्यासाठी मोकळे ठेवता येईल.

मजूर ही साधने वापरीत नाहीत, हे आता तपासून पाहू. मी त्यांना विचारीत असे. ‘साहब, गर्मी लगती है,’ हे पहिले उत्तर. मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत ते खोटेही नाही. वायुवीजनाची छिद्रे असलेले फिकट रंगाचे हेल्मेट, दुपारी बारा ते तीन सुट्टी आणि सावलीत थंड पाणी, एवढे दिले की ही तक्रार निम्म्याने कमी होते. परंतु खोदून विचारले की दुसरे उत्तर येई: हेल्मेट हरवले तर त्याचे पैसे हजेरीतून कापतात, म्हणून ते झोपडीत गुंडाळून ठेवले आहे. बुटांचेही तसेच. ज्याला दिवसाच्या कामावर पोट भरायचे आहे, तो हेल्मेट जपणार नाही तर काय करील?

दिल्लीत मेट्रोचे काम १९९८ मध्ये सुरू झाले, तेव्हा या शहराने प्रथमच एक दृश्य पाहिले: उंच अडथळ्यांच्या भिंती आणि त्यांच्या आत झाडून साऱ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. मजूर तेच होते. बिहारचे, बंगालचे, बुंदेलखंडचे. एका रात्रीत ते सावध झाले नव्हते. करारात साधनांची तरतूद होती आणि पाहणारी नजर होती, एवढेच. मेट्रोचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी त्यापूर्वी आपल्या कोकण रेल्वेची उभारणी केली होती, आणि त्या कामात चौऱ्याहत्तर जणांचे प्राण गेले; रत्नागिरीस त्यांचे स्मारक आहे. कोकणात सुट्टीला जाताना ते अवश्य पाहावे. तरीही १२ जुलै २००९ रोजी दक्षिण दिल्लीत जमरूदपूर येथे मेट्रोच्या उन्नत मार्गाचा भाग कोसळून सहा माणसे मृत्युमुखी पडली. त्यांच्या डोक्यावरची हेल्मेटे त्या भाराखाली काय करणार? श्रीधरन यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला, तो स्वीकारला गेला नाही. गोल्डन गेटच्या मचाणाची आठवण मी पुढे करीन म्हटले होते, ती येथे होते. रचनाच कोसळली तर अंगावरचे साधन हतबल ठरते. म्हणून आधी रचना, शटरिंगचे टेकू आणि परांची यांची जबाबदार अभियंत्याकडून तपासणी, मग कठडा, आणि मग हेल्मेट, बूट, दोर. स्लॅब ओतण्याच्या दिवशी टेकूंवर किती ओझे येते, याची कल्पना द्यावयाची तर एक घनमीटर ओल्या काँक्रीटचे वजन अडीच टन भरते.

कायद्याविषयी चार शब्द. १९९६ मध्ये संसदेने बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, १९९८ मध्ये केंद्राचे तपशीलवार नियम आले. हेल्मेट, पादत्राणे, कठडे, जाळी, सारे त्यात होते. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या संहितांनी घेतली असून त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. सुरक्षेच्या साधनांचे पैसे कामगाराकडून वसूल करता येत नाहीत, हे त्यात स्वच्छ आहे. बांधकामखर्चाच्या निदान एक टक्का उपकर आपणास भरावा लागेल. तो कामगारांच्या कल्याणासाठी असतो. मात्र हा पैसा जमा होऊनही कामगारांपर्यंत पोचत नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अत्यंत कठोर ताशेरे ओढले. कारण लाभ मिळण्यासाठी कामगाराची नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर असल्याचा दाखला हवा. तो दाखला द्यायला कोणी तयार नसते. आपले काम किमान आठ महिने चालेल. आपल्या चिटणिसांची सही आणि मंडळाचा शिक्का असलेला असा दाखला प्रत्येकास देणे आपल्या हाती आहे.

आपल्यापैकी बहुतेकजण सहकारी गृहसंस्थांत राहतात. दर पाच-सात वर्षांनी इमारत रंगविली जाते. रंगारी एका दोरावर, लाकडी पाटावर बसून सातव्या मजल्यावरून खाली उतरत येतो. त्या पाटाच्या दोराव्यतिरिक्त, गच्चीवर वेगळ्या ठिकाणी बांधलेला आणि त्याच्या हार्नेसला जोडलेला दुसरा दोर आहे काय, हे गच्चीवर जाऊन पाहण्यास पाच मिनिटे लागतात. वातानुकूलन यंत्र दुरुस्त करणारा मुलगा खिडकीतून बाहेर पडून वीतभर छज्ज्यावर उभा राहतो, तेव्हा आपण त्याला चहा विचारतो. चहा जरूर विचारावा. पण त्याआधी दोर विचारावा.

आता हिशेब. ठेकेदारांना निविदा भरताना सर्वांत कमी आकडा लिहायचा असतो, आणि जी गोष्ट दरपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून नसते ती तो प्रथम गाळतो. ‘ठेकेदाराने सर्व सुरक्षा-साधने स्वखर्चाने पुरवावीत’ हे वाक्य प्रत्येक निविदेत असते, आणि त्याचा अर्थ ती पुरवू नयेत असाच घेतला जातो. कारण जो प्रामाणिक ठेकेदार त्यांचा खर्च धरतो, त्याचाच आकडा वर जाऊन त्याचे काम हुकते. म्हणून ही बाब स्पर्धेतून बाहेर काढावी. तिची रक्कम आपणच ठरवावी, आणि साधने प्रत्यक्ष कामावर वापरात दिसल्यावरच दरमहा द्यावी. आजच्या बाजारभावाने मी अदमास केला आहे: पंचवीस हेल्मेट, अडीचशेप्रमाणे सव्वासहा हजार, वीस जोड बूट, सोळा हजार, सहा जोड गमबूट, चोवीसशे, चार हार्नेस, दहा हजार, रबरी हातमोजे आठ महिन्यांत तीनदा बदलून, अठ्ठेचाळीसशे, संरक्षक चष्मे, नऊशे. बेरीज चाळीस हजार तीनशे पन्नास. आपला बांधकामखर्च एक कोटी वीस लाख धरला आहे. म्हणजे शंभर रुपयांमागे सुमारे चौतीस पैसे. कठड्याच्या नळ्या, कप्पी आणि हातगाड्या यांचा खर्च निराळा. परंतु ते सामान नंतर विकता किंवा पुन्हा वापरता येते. तुलनेसाठी सांगतो, सभागृहाच्या प्रवेशद्वारावरील कोरीव नावाच्या पाटीसाठी अंदाजपत्रकात पंचावन्न हजार धरलेले आहेत. त्या पाटीला माझा विरोध नाही.

निविदेत जोडावयाच्या बाबींचा मसुदा मी चिटणिसांकडे दिला आहे आणि तो पुढील महिन्याच्या कार्यकारिणीच्या सभेपुढे येईल. काम सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदा तासभर पाहणी करण्याची माझी तयारी आहे. आणखी दोघे सभासद बरोबर हवेत. अभियंता असण्याची आवश्यकता नाही, जिने चढता आले म्हणजे पुरे. मजूर वीस असताना पंचवीस हेल्मेटे कशासाठी, असे कोणी विचारील. उरलेली पाच आपल्यासाठी आहेत. कार्यकारिणीचे पदाधिकारी, देणगीदार किंवा छायाचित्रकार, जो कोणी वर जाईल त्याने ती घालूनच जावयाचे आहे.